झोपेचं पॅकेज

केदारखेड्याच्या कडूबा हिवराळे यांना आयुष्यात कोणी कधी काही फुकट दिलं नव्हतं, आणि दिलं तेव्हा ते तळेकाठ रिसॉर्टचं पॅकेज निघालं. दोन रात्री, तीन दिवस, चहा-नाश्ता-जेवणासकट एसी खोली, बैलगाडीची फेरी आणि बोटिंग. संभाजीनगरला नर्स असलेल्या लेकीनं, साक्षीनं, ते मोबाइलवर ठरवलं आणि पैसेही तिकडूनच भरून टाकले. नाही म्हणायला बापाला जागाच ठेवली नाही.

खरं तर पॅकेज कडूबांसाठी नव्हतंच. ते केशरबाईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी होतं, आणि कडूबा नुसते सोबतीला. कडूबांची आई लकव्यानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि पावसाळा सरता सरता वारली. तिची कूस बदलणं, तिला पाणी पाजणं, अंथरूण बदलणं, सगळं केशरबाईंनी केलं. जलदान विधीला आलेल्या प्रत्येकानं म्हातारी सुटली म्हणून मान हलवली. केशरबाई सुटली असं कोणी म्हटलं नाही, आणि ती सुटलीही नव्हती. म्हातारी जाऊन इतके महिने झाले तरी केशरबाई रात्रीतून कितीदा तरी उठून बसत. दिवसा डोळे तांबारलेले, कालवणात मीठ दोनदा पडायचं, बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून कुठंतरी बघत राहायच्या. साक्षी दोन दिवस माहेरी राहून गेली तेव्हा तिनं ते बघितलं, आणि मग बापाला फोनवर सांगितलं, "बाबा, आईला मला फिरवायचं न्हाई. तिला नुसतं झोपायला पाठवायचंय. एक झोप पुरती होऊ द्या तिची. तुम्ही फक्त तिला उठवू नका."

हे शेवटचं वाक्य कडूबांना झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. त्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली आणि त्या नोकरीत त्यांचा एकच अभिमान होता. त्यांच्या गाडीतला एकही प्रवासी कधी झोपेत आपल्या स्टॉपच्या पुढं गेला नाही. कोणी पेंगताना दिसला की ते स्टॉप यायच्या आधीच त्याच्या सीटपाशी जाऊन उभे राहत आणि हातातल्या तिकीट-पंचानं समोरच्या दांडीवर टक् टक् करत. उठला नाही तर आणखी दोनदा. तरी उठला नाही तर खांदा धरून हलवत. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे अलीकडच्या राजूरचं तिकीट काढून गाडीत झोपले. जायचं होतं केदारखेड्याला, कडूबांच्याच घरी, पण दाजी आपलेच आहेत या भरवशावर त्यांनी तिकिटात काटकसर केली होती. दाजींनी त्यांना राजूरला उठवलं आणि उतरवलं. मेहुणे मागून मिळेल त्या ट्रॅक्टरनं आले, आणि पुढं बराच काळ आलेच नाहीत.

नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. कोंबड्याच्या आधी कडूबांचा घसा खाकरायचा आणि घरातल्या सगळ्यांना उठवून मगच त्यांच्या जिवाला चैन पडायचं. पण लेकीनं ड्युटी लावून दिली म्हटल्यावर ती बिनचूक करायची, हाही त्यांचा स्वभाव होता. केशरबाईंना झोपवून आणायचं. ठरलं.

मार्च निम्मा सरला होता. जालन्याला गाडी बदलून ते अंबडला उतरले आणि तिथून रिक्षानं अंकुशनगरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागले. हंगाम संपत आला होता, तरी उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून धावतच होत्या. उसाच्या फडांमध्ये एक कमान होती, तिच्यावर हसरी बैलजोडी रंगवली होती, आणि आत काउंटरवर मॅनेजर आदिनाथ बसला होता. पोरसवदा, पण बोलायला गोड. कडूबांनी खांद्यावरची पिशवी काउंटरवर ठेवली. बांधावरच्या झाडांच्या मोसंब्या, निवडून आणलेल्या, पिशवी चांगली खच्चून भरलेली.

आदिनाथनं पिशवीत डोकावून हात जोडले आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असा नियम असल्याचं सांगितलं. कडूबा म्हणाले, आम्ही खायला नाही आणल्या, तुमच्यासाठी आणल्यात. आदिनाथला ते काही केल्या कळेना. कोणासाठी? रिसॉर्टसाठी. रिसॉर्टला कशाला? अरे बाबा, तुमच्याकडं मुक्कामाला येतोय, रिकाम्या हातानं कसं यायचं? आदिनाथ कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पुष्कळ प्रकारचे पाहुणे शिकला होता, पण हा प्रकार त्यात नव्हता. शेवटी त्यानं पिशवीला नंबराचा बिल्ला बांधून ती सामानाच्या खोलीत ठेवली, कडूबांच्या हातावर दुसरा बिल्ला ठेवला, आणि दोघांना पिवळ्या पावडरीचं सरबत दिलं. सरबताला मोसंबीचा वास होता.

मोबाइलवर दिसलेलं निळं तळं खिडकीतून दिसत होतं हे खरं, फक्त ते तळ्याच्या मध्यापुरतं उरलं होतं. बाकी सगळा चिखल, त्यात कोणाच्या तरी म्हशी, आणि काठावर पालथी घातलेली बोट. खोली तशी बरी होती. पलंगावर मात्र पांढऱ्या टावेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. साक्षीनं बुकिंग करताना कुठली तरी भलती खूण दाबली असणार. कडूबा दाराकडं तोंड करून उभे राहिले. केशरबाईंनी पाकळ्या ओंजळीत गोळा केल्या आणि हंस तसेच अलगद उचलून खुर्चीवर नेऊन बसवले. कोणीतरी एवढं बसून केलंय, मोडायचं कशाला, असं त्या म्हणाल्या. त्यांनी आंघोळीला घरचाच टावेल वापरला. एसीतून पाणी ठिबकत होतं आणि त्याखाली स्टीलची बादली ठेवली होती.

मग केशरबाई आडव्या झाल्या. कडूबा खुर्चीवर, हंसांना थोडं सरकवून, अंग चोरून बसले. कोणी दार वाजवायला आलं तर बाहेरच अडवायचं, मोबाइल बंद करून ठेवायचा, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचा, एवढं सगळं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. केशरबाईंचा श्वास जरा लांबला, आणि बाहेर अंगणात एका माणसानं पळीनं स्टीलची थाळी बडवायला घेतली. चहा तयार झाला होता. केशरबाई ताडकन उठून बसल्या, चपलेसाठी पाय चाचपायला लागल्या.

"चहा झाला वाटतं," कडूबा म्हणाले. त्यांना वाटलं, हिला चहाची तलफ आली असेल.

तळेकाठला प्रत्येक खाण्याला थाळी वाजायची. ही गावाकडची पद्धत म्हणून आदिनाथ पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. कडूबांनी हयात गावात काढली होती, पण पिकावरची पाखरं हाकण्यासाठी सोडून थाळी वाजवलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. आता जेवायला बोलावताहेत की हाकलताहेत, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जेवणाचाही सगळा मामला उभ्यानं होता. केशरबाई पहिल्यांदा टेबलाशी जाऊन बसल्या आणि कोणी वाढायला येईल म्हणून वाट बघत राहिल्या. उभ्या जन्मात दुसऱ्याला वाढलं होतं, आता पैसे भरलेत तर एकदा कोणी आपल्याला वाढेल, असं त्यांना वाटलं असावं. कोणी आलं नाही. मग कडूबाच दोन ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. भाकरी चुलीवरची होती पण गार होती, आणि शेंगदाण्याच्या चटणीत साखर होती. ती कोणी आणि का घातली, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या रात्री एक गोष्ट झाली. नवराबायको बऱ्याच वर्षांनी एका खोलीत झोपले. नोकरीत असताना कडूबांची गाडी कायम कुठल्या ना कुठल्या गावी मुक्कामी असायची, आणि रिटायर झाल्यावर घोरण्याचा त्रास नको म्हणून ते ओसरीवर झोपायचे. आत म्हातारी आणि केशरबाई. बायको रात्री उठते हे त्यांना माहीत होतं, पण गावाला पाणी येतं हे जसं माहीत असतं तसं. कधी येतं, किती येतं, कोण भरतं, हे घरातल्या बाईला विचारायचं. आता ते शेजारच्या उशीवरून बघत होते. केशरबाई डुलकी लागली की दचकून उठत, पायांनी जमीन चाचपत, कुठं आहोत ते आठवलं की हळूच परत पडत. सकाळी कडूबांचेच डोळे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीची फेरी झाली. बैल म्हातारे होते, गाडीवान रखमाजी त्यांच्याहून म्हातारा, आणि चौघेही दमलेले असल्यामुळं फेरी कमानीपर्यंत जाऊन परत आली, असं रखमाजीच म्हणाला. चौथा कोण, ते त्यानं सांगितलं नाही. बोटिंगच्या बदल्यात पॅकेजात भजी दिली. फोनवर साक्षीनं विचारलं, आई झोपली का? कडूबांनी हवा छान आहे असं सांगितलं. आपल्याला खोटं बोलता येत नाही याचं त्यांना त्या वेळी वाईट वाटलं.

दुपारी त्यांनी स्वतःच मोहीम हातात घेतली. खोलीत एसीच्या पाण्याची टिपटिप होती, म्हणून एक बाज उचलून ती रिसॉर्टच्या मागं, अगदी कुंपणालगतच्या कडुलिंबाखाली नेऊन टाकली. केशरबाई नको नको म्हणत आडव्या झाल्या आणि कडूबा उशाशी बसून पुठ्ठ्यानं माश्या वारायला लागले. लिंबाला नवी पालवी आली होती, सावली दाट होती. केशरबाईंची मूठ सैल झाली, तोंड जरासं उघडलं. त्यांच्या कपाळावरची ती कायमची आठी कडूबांनी पहिल्यांदा नसलेली बघितली. त्यांना फार बरं वाटलं. ड्युटी जमली होती.

आणि थाळी वाजली.

केशरबाई डोळे मिटलेलेच ठेवून उठल्या. "आले, आत्याबाई, आले. सांडू नका," असं म्हणत त्या अनवाणी सरळ खोलीकडं पळत सुटल्या. कडूबा पुठ्ठा टाकून मागं धावले. ते पोचले तेव्हा केशरबाई पलंगाच्या कडेला उभ्या होत्या, एका हातात पाण्याचा ग्लास, दुसरा हात उशीखाली, डोकं उचलून धरायला घातलेला. उशीवर कोणीच नव्हतं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

कडूबांनी हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्या पलंगावर टेकल्या आणि मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशा आवाजात सांगायला लागल्या.

"आत्याबाईंची वाचा गेल्ती ना. हाक मारता येत न्हव्हती. मंग मीच त्यांच्या चांगल्या हातात स्टीलचा पेला दिल्ता. म्हणलं, काई लागलं की पलंगाच्या दांडीवर वाजवा, मी येते."

"अन् त्या वाजवायच्या?"

"वाजवायच्या. थांबून थांबून. मी उठस्तोवर."

"मला कधी ऐकू आलं न्हाई."

"तुम्ही भाईर झोपायचे," केशरबाई म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. असता तर कडूबांना बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्यांची आई, त्यांचं घर, त्यांचाच पलंग, आणि तो आवाज त्यांना ठाऊक नव्हता. जगातल्या झोपलेल्या माणसांना टक् टक् करून उठवत ते गावोगाव हिंडत होते, आणि घरात त्यांच्या बायकोला रोज कोणीतरी तसंच उठवत होतं. कडूबांना लाज वाटली, आणि म्हातारपणी वाटलेली लाज जायला जागा शोधत नाही, तिथंच बसून राहते.

त्यांनी उठून जाऊन आदिनाथला गाठलं. थाळी वाजवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आदिनाथनं शांतपणे ऐकून घेतलं आणि काका, ते पॅकेजमध्येच आहे, म्हणाला. लोकांना गावाकडचा फील पाहिजे असतो, पुण्याचे पाहुणे तर व्हिडिओ काढतात. खरं कारण परक्या पोराला कसं सांगायचं? बायको आजारी आहे, म्हणाले. मग आदिनाथनं रात्रीच्या जेवणाला थाळी वाजणार नाही असं कबूल केलं. तो शब्दाचा खोटा नव्हता. त्यानं आचाऱ्याला सांगितलं, आचाऱ्यानं हो म्हटलं, आणि संध्याकाळी थाळी वाजवणारा माणूस दुसराच होता. ती बराबर वाजली.

निजायच्या आधी कडूबांनी खुर्चीवरचा एक हंस उचलला, त्याची मान सोडली, पंख सोडले, आणि तो टावेल घडी करून स्टीलच्या बादलीत अंथरला. टिपटिप थांबली. तरीही रात्र पहिल्यासारखीच गेली, कारण भिंतीपलीकडं भटारखाना होता आणि त्याच्या पातेल्यांना घालायला कडूबांकडं तेवढे हंस नव्हते.

तिसऱ्या दिवशी खोली सोडताना केशरबाईंनी चादरींच्या घड्या घातल्या, केर काढला आणि उरलेला एक हंस उशीवर परत बसवला. काउंटरवर आदिनाथनं मोबाइल पुढं करून, काका, पाच स्टार द्या, असं लाडीगोडीनं म्हटलं. कसं वाटलं, म्हणून विचारलं. कडूबांनी जेवण ठीक, बैल म्हातारे, माणसं चांगली, असा खरा खरा हिशेब दिला आणि स्टार मात्र पाचही दिले. पोराच्या नोकरीवर गदा कशाला. आदिनाथनं बिल्ला घेऊन मोसंब्यांची पिशवी आणून दिली आणि मान खाली घालून दोन ठेवून घेऊ का, असं विचारलं. तीन दिवस त्या खोलीत वास सुटला होता म्हणे. कडूबांनी अर्धी पिशवी काउंटरवर पालथी केली.

"तुझ्यासाठीच आणल्या होत्या की," ते म्हणाले.

जालन्याच्या स्टँडात भोकरदनची गाडी लागलेलीच होती. राजूर, केदारखेडा, मग भोकरदन, हा रस्ता कडूबांना तळहातासारखा पाठ. मागच्या बाजूची दोघांची सीट मिळाली. केशरबाई खिडकीशी बसल्या. कंडक्टर एक तरुण मुलगी होती, छातीवरच्या पट्टीवर मोनिका असं नाव. मशीनमधून तिनं केदारखेड्याची दोन तिकिटं काढून दिली. गाडी निघाली आणि स्टँडाच्या फाटकातून बाहेर पडते न पडते तोच कडूबांच्या खांद्यावर काहीतरी जड येऊन पडलं. केशरबाईंचं डोकं.

चारचौघांत असं डोकं टेकणं त्यांच्या संसारात बसणारं नव्हतं. कडूबांनी आजूबाजूला बघितलं, मग समोर बघितलं, मग हलायचं बंद केलं. गाडी जुनी होती, खिडक्या, पत्रा, सीटा, सगळं एकजात खडखडत होतं. केशरबाई त्या खडखडाटात गाढ झोपल्या होत्या. थोड्या वेळानं कडूबांच्या ध्यानात आलं की या आवाजाला त्या उठत नाहीत. त्या उठतात ते कोणीतरी वाट बघत वाजवतंय तशा आवाजाला, थांबून थांबून येणाऱ्या. गाडीला कोणाचीच वाट बघायची नव्हती. खांद्याला मुंग्या आल्या, मग हात बधिर झाला. केशरबाईंच्या उघड्या तोंडातून एक लाळेची रेघ त्यांच्या सदऱ्यावर उतरली, आणि अशी गाढ झोपलेली किती माणसं आपण उठवली असतील, असं त्यांच्या मनात आलं.

राजूरला निम्मी गाडी रिकामी झाली. तिथं कडूबांनी मोनिकाला काम करताना बघितलं. एक म्हातारा पेंगत होता. ती स्टॉपच्या आधीच त्याच्यापाशी गेली आणि हातातल्या नाण्यानं समोरच्या दांडीवर टक् टक् केलं. थांबली. पुन्हा टक् टक्. म्हातारा उठून पिशवी शोधायला लागला. कडूबांना आधी आनंद झाला, पोरगी कामाची आहे, आपल्या वळणाची आहे. मग त्यांनी खिडकीतून रस्ता बघितला. केदारखेडा आता लांब नव्हतं. पोरगी कामाची होती, म्हणजे ती येणार होती.

मोकळ्या हातानं त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून घरचा टावेल ओढून काढला. एका हातानं आणि दातांनी, खांदा न हलवता, त्यांनी तो समोरच्या दांडीला गुंडाळला आणि गाठ मारली. मागच्या सीटवरची बाई बघत राहिली. बघू दे.

पूर्णेचा पूल जवळ आला तशी मोनिका आली. दोघांचं तिकीट केदारखेड्याचं, मावशी झोपलेल्या. तिनं नाणं दांडीवर आपटलं. धप्प. तिनं टावेलाकडं बघितलं, मग कडूबांकडं.

"काका, केदारखेडा आलं," ती म्हणाली.

"माहीत हाय," कडूबा अगदी हळू म्हणाले. "इथून फुडं भोकरदनची दोन तिकिटं दे."

"भोकरदनला काम हाय का?"

"न्हाई."

केशरबाईंचं डोकं, कडूबांचा लुळा पडलेला हात, दांडीला बांधलेला टावेल, सगळं मोनिकानं एकदा बघून घेतलं. मग मशीनवर बोट दाबलं आणि दोन तिकिटं काढून त्यांच्या खिशात स्वतःच सरकवली, कारण त्यांचा एक हात बधिर होता आणि दुसरा दांडीवरच्या टावेलावर होता.

गाडी केदारखेड्याच्या स्टॉपला थांबली. कडूबांच्या गल्लीतला भिवा गाडीत चढला आणि त्यांना बघून थबकला. काय कडूबा, गाव आलं की, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात कडूबांनी ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं की कडूबा कंडक्टर आपल्याच स्टॉपला उतरला नाही. राजूरला उतरवलेल्या मेहुण्यांनाही कळणार होतं, आणि त्यांना फार समाधान वाटणार होतं. डबल बेल पडली. विहाराच्या कमानीवरचा निळा झेंडा, दुधाची डेअरी, आपल्या गल्लीचं तोंड, सगळं खिडकीतून मागं गेलं. कडूबांना उतरायची एक उबळ आली, शिंक यावी तशी, आणि ती त्यांनी दाबून धरली.

भोकरदनच्या स्टँडात इंजिन बंद झालं आणि एवढी शांतता पडली तेव्हा केशरबाईंनी आपणहून डोळे उघडले. दचकल्या नाहीत. थोडा वेळ समोरच्या दांडीवरच्या गाठीकडं बघत राहिल्या.

"केदारखेडा आलं का?"

"गेलं."

"गेलं?" त्या सरळ बसल्या. "अन् तुम्ही काय करून राह्यले होते? उठवलं कामून न्हाई?"

कडूबांनी खिशातली तिकिटं काढून त्यांच्या हातावर ठेवली. "तिकीट भोकरदनचंच हाय," ते म्हणाले.

केशरबाई तिकिटांकडं बघत राहिल्या. कंडक्टरच्या बायकोला तिकिटातलं सगळं कळतं. दोन केदारखेड्याची, दोन पुढची, आणि पुढची काढायला गाडीत चालू प्रवासात मशीन चालवावं लागतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या सदऱ्यावरच्या ओल्या डागाकडं बघितलं, आणि त्यांना रडू आलं. फार नाही, पदराचं टोक भिजण्याइतकं. कडूबा बधिर हात चोळत दांडीवरची गाठ सोडत बसले, आणि दातांनी मारलेली असल्यामुळं ती लवकर सुटेना.

परतीची गाडी तीच होती, अर्ध्या तासानं सुटणार होती. दोघं स्टँडातल्या बाकावर बसले. केशरबाईंनी मोसंबी सोलून एक एक फोड नवऱ्याला दिली, एक एक स्वतः खाल्ली. मोसंब्या गोड होत्या. गाडीत माणसं बसायला लागली तसे कडूबा उठले, चार पावलं गेले आणि परत आले.

"कुठलं काढू?" त्यांनी विचारलं. "केदारखेडा, का जालना?"

केशरबाईंना आधी ती थट्टा वाटली. पण कडूबांना थट्टा येत नव्हती, हे त्यांना आतापर्यंत माहीत झालं होतं. घरी म्हशीचं दूध काढायचं होतं, पण शेजारच्या उषाबाईंना उद्या सकाळपर्यंत सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी सालं गोळा केली.

"जालना," त्या म्हणाल्या. "खिडकीची जागा धरा जल्दी."

मोनिकानं काही विचारलं नाही. तिनं जालन्याची दोन तिकिटं दिली, आणि पुढच्या सीटकडं जाण्याआधी हातातलं नाणं खिशात टाकलं.